पथारीवरची उपासना

मिरचीची सवय होते असं म्हणणाऱ्याने एक हंगाम पथारीवर काढून दाखवावा. सवय वगैरे काही होत नाही. हात जळायचे ते जळतातच, माणूस फक्त त्याबद्दल बोलायचं सोडून देतो. थोरलीने तेही सोडलं नव्हतं. देठ खुडता खुडता तिचं तोंड चालू असायचं, आणि आवाज असा की ती पथारीच्या या टोकाला शिंकली की त्या टोकाला पोत्यांवर टेकलेला मुकादम दचकून उठायचा.

पथारी म्हणजे चोपून घट्ट केलेलं भलंमोठं उघडं रान. शेतातून ओली मिरची यायची, ती तिथे पसरायची, दाताळ्याने खालीवर करायची, वाळली की देठ खुडून पोत्यात भरायची. एका कडेला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आणि त्यांच्या शेवटी प्रार्थनाघर. प्रार्थनाघर म्हणायचं ते आपलं मनाच्या समाधानाला. मातीच्या भिंती, वर पत्रा, बसायला रिकामी बारदानं. त्यात बघण्यासारखं काही असेल तर ते दार. थोरलीच्या नवऱ्याने खोक्यांच्या फळ्या जोडून ते केलं होतं, आणि केलं ते असं की एकट्यादुकट्याला उचलता येऊ नये. "देवाचं दार आहे, हलकं कशाला करू?" एवढंच तो म्हणाला होता. तो मुळातच कमी बोलायचा. थोरलीच्या वाट्याला दोघांचं बोलणं आलं होतं.

आधी तिथली उपासना तिचे सासरे चालवायचे. पथारीच्या धुळीने त्यांची छाती खाल्ली, आवाज बसत बसत कुजबुजीवर आला, आणि एका रविवारी प्रार्थना अर्ध्यावर असताना खोकल्याने त्यांना खाली बसवलं. उरलेली प्रार्थना थोरलीने पुरी केली. तिला कुणी उभं केलं नव्हतं, पण कुणी बस असंही म्हणालं नाही. त्यानंतर कुणाच्या बाळासाठी प्रार्थना करायची, कुणाच्या मयताला पुढे व्हायचं, नवरा-बायकोच्या मारामारीत मध्ये पडायचं, हे सगळं आपसूक तिच्या अंगावर आलं.

हरकत आली ती मोठ्या गावातून. तिथल्या दगडी चर्चचे पाळक अधूनमधून पथारीवर प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला यायचे. सगळे त्यांना मोठे पाळक म्हणायचे. एकदा प्रभुभोजन झाल्यावर रुमालाने नाक पुसत ते म्हणाले, "यापुढे प्रशिक्षण नसलेल्या कुणालाही मंडळीसमोर उभं राहता येणार नाही. वरून ठराव झालाय."

"मग आमच्याकडे कोण बघणार?" थोरलीने विचारलं.

"तुम्ही सगळे आमच्याकडे या. एक मंडळी, एक छत."

ऐकायला गोड होतं. पण त्या छताखाली पथारीवाले एकदा जाऊन आले होते, एका लग्नाला. अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून गेले. पण मिरची अंघोळीला दाद देत नाही. पुढच्या बाकावरच्या बाया शिंकायला लागल्या, मग वऱ्हाड शिंकायला लागलं, मग नवरी. चर्चच्या शिपायाने खिडक्या उघडल्या आणि पथारीच्या सगळ्या माणसांना बाहेर पायरीवर बसवलं. "वास जात नाही हो तुमचा," तो म्हणाला, तेही बिचाऱ्याने वाईट वाटून. थोरलीच्या धाकट्या जावेने त्या दिवशी घरी येऊन दगडाने हात घासले होते, कातडं निघेपर्यंत. ते थोरलीच्या मनातून गेलं नव्हतं.

"प्रशिक्षण कुठे मिळतं?"

"कॉलेजात राहून. टपालानेही देतात म्हणे, ज्यांना काम सोडून जाता येत नाही त्यांना. पण ते शिकलेल्यांसाठी आहे."

"मी सातवी आहे."

"पास?"

"पास. गणितात काठावर."

मोठे पाळक हसले. त्या हसण्यानेच तिचं नाव त्या कोर्सला गेलं, असं ती पुढे सांगायची.

कोर्स लांबच्या कुठल्या तरी संस्थेचा. पुस्तिका टपालाने यायच्या, धडे फोनवर ऐकायचे, उत्तरं लिहून लिफाफ्यातून पाठवायची. शेवटी प्रात्यक्षिक. आपल्या मंडळीची उपासना घ्यायची, शिक्षिका ती फोनवरून ऐकणार आणि स्थानिक मार्गदर्शक समोर हजर राहणार. स्थानिक मार्गदर्शक म्हणून संस्थेने नेमले ते मोठे पाळकच. दुसरं होतंच कोण?

फोनचा आवाज बारीक, म्हणून थोरली तो पत्र्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायची आणि डबा खुडणाऱ्या बायांच्या रांगेत मधोमध. शिक्षिकेचा आवाज डब्यातून घुमत यायचा, स्वच्छ आणि थंडगार, मिरचीच्या आसपासही कधी न गेलेल्या माणसाचा.

"सेवकाने रोज सकाळी एकांतात बसून चिंतन करावं," डबा म्हणाला.

"एकांत?" कुणीतरी म्हणालं. "संडासाच्या रांगेत मिळेल."

"भेटीला जाण्याआधी त्या कुटुंबाची वेळ घ्यावी."

"आपल्याकडे भेटीला जायचं म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या अंगावर पाय पडतो," थोरली म्हणाली. "आधी पाय कुठे ठेवू, ते विचारते." सगळी रांग हसली. हसताना तोंड उघडतं आणि धूळ आत जाते, म्हणून मग सगळी रांग खोकलीही.

पण एका पुस्तिकेत चौथा प्रश्न आला, तुमच्या मंडळीचं सर्वात मोठं ओझं कोणतं? एकजण म्हणाली, पोतं. दुसरी म्हणाली, सासू. धाकटी जाऊ मात्र हातातली मिरची तशीच धरून म्हणाली, "पोर रडलं तर डोळे पुसता येत नाहीत." तिचं बाळ तेव्हा रांगतही नव्हतं. दूध पाजायच्या आधी ती कोपरापर्यंत तेल लावायची, राखेने घासायची, पुन्हा तेल लावायची, आणि तरी बाळाचं तोंड लाल व्हायचं. "मनगटाने धरते मी त्याला. हाताने धरलेलंच नाही अजून." थोरलीने त्या संध्याकाळी तेच लिहिलं, धाकटीच्याच शब्दांत, आणि लिहिताना तिला राग आला. कुणावर, ते तिला सांगता आलं नसतं. पण राग आला आणि अक्षर मोठं झालं.

पुस्तिकेत सूचना होती, उत्तरपत्रिका ओल आणि किडीपासून जपावी. आता पथारीवर जे जपायचं ते मिरचीच्या पोत्यात ठेवतात. लग्नातली साडी, घराचे कागद, सगळं. वाळवी लागत नाही, ओल धरत नाही, चोर हात घालत नाही. थोरलीनेही उत्तरपत्रिका वाळलेल्या मिरचीच्या पोत्यात, अगदी मधोमध, लेकरासारखी जपून ठेवल्या आणि सगळ्या पुऱ्या झाल्यावर लिफाफ्यात घालून टपालात टाकल्या. झटकायच्या असतात हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिला कागद स्वच्छच दिसत होता.

लिफाफा लांब त्या कार्यालयात शिक्षिकेने उघडला. पुढचं सांगायला नकोच.

मोठे पाळक भर दुपारी मोटरसायकलवरून आले. बाया खुडायला बसल्या होत्या, पुरुष पोती शिवत होते. "संस्थेची तक्रार आलीय," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "तुम्ही उत्तरपत्रिकेत मिरचीची पूड टाकून पाठवलीत. बाईंचे डोळे सुजलेत. दवाखान्यात न्यावं लागलं त्यांना. मला विचारतायत, असल्या कसल्या माणसांची शिफारस करता?"

थोरलीचा हात तोंडाशी गेला आणि तिथूनच मागे आला. मिरचीचा हात तोंडाला लावायचा नसतो. "टाकली नाही हो. लागली असेल. पोत्यात ठेवले होते कागद."

"कागद पोत्यात ठेवतं कुणी?"

"आम्ही ठेवतो."

"तेच म्हणतोय मी," मोठे पाळक म्हणाले. मग आवाज उतरवून, समजुतीने, "हे बघा, माफीनामा लिहून द्या. मी अडाणी आहे, हे काम मला झेपत नाही, मी बाजूला होते. एवढंच. मी पुढचं सांभाळून घेतो. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी दगडी चर्चला यायचं."

"डोळ्यांची माफी मागते. हात जोडून मागते. कामाची नाही मागणार."

"दोन्ही एकाच कागदावर लागेल."

"मग कागद कोराच न्या."

मोठ्या पाळकांनी पिशवीतून कुलूप काढलं. म्हणजे येतानाच घेऊन आले होते. प्रार्थनाघराच्या दाराची कडी कोयंड्यात घालून त्यांनी ते लावलं आणि ओढून पाहिलं. "माफीनामा मिळाला की उघडतो," म्हणाले. थोरलीचा नवरा सुई-सुतळी हातात धरून बघत राहिला. दार त्याचं होतं. मुकादम मात्र लांबून ओरडला, "तमाशा संपला असेल तर मिरची पलटा!" आणि सगळे दाताळी घेऊन उठले. इतक्या माणसांदेखत तिला अडाणी म्हटलं गेलं आणि तिला वळून मिरची पलटावी लागली. दाताळं तिने इतक्या जोरात ओढलं की त्याचे दात जमिनीत रुतले.

संध्याकाळी सासरे खाटेवरून म्हणाले, "मी असतो तर लिहून दिला असता माफीनामा."

थोरलीने चमकून पाहिलं. त्यांच्याकडून तिला हे अपेक्षित नव्हतं.

"जन्मभर दिले," ते कुजबुजले. मध्ये श्वास घ्यायला थांबले. "मालकाला दिले, मुकादमाला दिले, चर्चला दिले. म्हणून सांगतोय. तू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी तिने शिक्षिकेला फोन लावला. डब्यात बोलणाऱ्या आवाजाशी प्रत्यक्ष बोलायची पहिलीच वेळ. आवाज तसाच थंडगार होता, फक्त जरा नाकात बसलेला.

"बाई, मी मिरचीवाली."

"अजून जळजळ होते मला."

"माफ करा. मुद्दाम नाही केलं. आमच्याकडे जपायची वस्तू मिरचीतच ठेवतात." तिने श्वास घेतला. "चौथ्या प्रश्नाचं उत्तर वाचलंत का?"

"त्याआधीच लिफाफा बंद करायला सांगितला मी."

"मग वाचा एकदा. वाचून झालं की हात धुवा. आमच्या धाकटीचे हात धुऊनही निघत नाहीत."

शिक्षिका रागावेल असं थोरलीला वाटलं होतं. ती रागावली नाही आणि विरघळलीही नाही. म्हणाली, "प्रात्यक्षिकाची तारीख मी रद्द केलेली नाही. रविवारी फोन लावा. उपासनेचा क्रम पुरा झाला पाहिजे आणि मार्गदर्शक समोर हवेत. जागेचं काय ते तुम्ही बघा." फोन बंद झाला. जागेला कुलूप आहे हे थोरलीने सांगितलंच नव्हतं. सांगून काय झालं असतं?

रविवारी सकाळी मोठे पाळक आले. पांढराशुभ्र झगा, काखेत पुस्तक, खिशात किल्ली. माफीनामा तयार असेल अशी त्यांना खात्री होती. मंडळी कुलूपबंद दारासमोर उभी होती. आणि नेमकं तेव्हाच पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं. या दिवसांत ढग यायचं काहीच कारण नव्हतं, पण ढगाला कारण विचारतो कोण? वारा सुटला. मुकादम धावत आला.

"सगळे चला! सगळी मिरची उघडी आहे! भिजली तर फटकी पडेल, मालक उद्याच्या उद्या सगळ्यांना हाकलेल!"

फटकी म्हणजे पांढरी पडलेली मिरची. तिला कुणी विचारत नाही आणि ती वाळवणाऱ्यालाही. माणसं थोरलीकडे बघायला लागली. हातात फोन, फोनवर शिक्षिका आलेली, समोर मोठे पाळक, पाठीमागे ढग. मोठे पाळक म्हणाले, "जाऊ द्या त्यांना. आज उपासना होत नाही असं मी बाईंना सांगतो." त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

थोरलीने फोन पदरात गुंडाळून मानेशी घट्ट बांधला. "बाई, ऐकू येतंय?" ती ओरडली. "उपासना सुरू करते! सगळ्यांनी ताडपत्र्या घ्या! मंडळीने पथारीवर जमावं!"

आणि मंडळी जमली. जमली म्हणजे धावली. पुरुषांनी दाताळ्यांनी मिरचीचे ढीग ओढायला सुरुवात केली, बायांनी ताडपत्र्या उलगडल्या. लाल धूळ उठली ती अशी की दोन हातांवरचं माणूस दिसेना. त्या धुळीत थोरलीचा आवाज घुमला. आरंभीची प्रार्थना तिने ताडपत्रीचं टोक ओढत म्हटली. 'आमेन'ऐवजी शिंका आल्या, पण सगळ्यांच्या एकदम आल्या. गीत धाकटीने उचललं, पाठीला बाळ बांधून, डोळ्यांतून पाणी गळत. वाचनासाठी पुस्तक उघडलं असतं तर पानं वाऱ्यावर गेली असती. तिला तो भाग पाठ होता, येशू झोपलेला असताना शिष्यांची नाव वादळात सापडते तो. तिने तो सांगितला.

"पुस्तिकेत लिहिलंय," ती ओरडली, आणि ठसका लागून थांबली, थुंकली, पुन्हा ओरडली, "की नावेतली माणसं भित्री होती, त्यांचा विश्वास कमी पडला! मी तसं म्हणत नाही! ते टोक धरा, सुटतंय! मी म्हणते, भिजत होते, घाबरले होते, पण एकानेही हातातला दोर सोडलेला नव्हता! झोपलेल्याला काय माहीत नव्हतं का, नाव कुणाच्या हातात आहे ते? विश्वास होता म्हणून तर झोपला! आपल्याला लोक म्हणतात, तुमच्या हातांना वास येतो! येतो! दोर धरलेल्या हाताला यायचाच! मी हे हात घेऊन देवापुढे उभी राहणार आहे, आणि त्याला शिंक आली तर येऊ दे!"

मुकादम, जो कधी उपासनेला बसला नव्हता, ताडपत्रीखालून म्हणाला, "बरोबर आहे!"

मोठा ढीग झाकला गेला, पण वाऱ्याने ताडपत्री फुगायला लागली. दगड संपले होते. पोती ठेवली तर ती घसरत होती. थोरलीचा नवरा सगळ्यांकडे एकदा बघून चालता झाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात पहार होती आणि त्याच्यासोबत तिघांच्या खांद्यावर प्रार्थनाघराचं दार होतं. चौकटीतला कोयंडा त्याने उपटला होता, बिजागऱ्यांतून दार उचलून काढलं होतं. कडी, कोयंडा आणि मोठ्या पाळकांचं कुलूप दारालाच लटकत होतं. त्यांनी ते दार ताडपत्रीवर आडवं टाकलं. ताडपत्री एकदा फडफडली आणि गप्प बसली.

"हलकं केलं असतं तर उडालं असतं," नवरा म्हणाला. त्या दिवशी तो तेवढंच बोलला.

थेंब आले, टपटपले, आणि ढग पुढे निघून गेला. मिरची कोरडी होती. लाल झालेली, डोळे सुजलेली, नाकं गळणारी मंडळी ढिगाभोवती उभी राहिली. मोठे पाळक कडेला कमरेत वाकून खोकत होते. त्यांच्या झग्याचा रंग आता सगळ्यांच्या कपड्यांसारखा होता.

थोरलीने मानेशी बांधलेला फोन सोडवला. "बाई, आहात का?"

"आहे. आशीर्वाद राहिला," आवाज म्हणाला. "तो मार्गदर्शकांनी द्यायचा असतो."

सगळ्यांनी मोठ्या पाळकांकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि ठसक्याशिवाय तोंडातून काही निघेना. थोरलीने थोडा वेळ वाट पाहिली. तिला त्यांची कीवही आली. मग तिने आपले जळणारे हात उचलले आणि आशीर्वाद स्वतः दिला, सगळ्यांना, मुकादमाला, ढिगाला, आणि खोकणाऱ्या मोठ्या पाळकांनाही.

"क्रम पुरा झाला," शिक्षिका म्हणाली. "पण प्रार्थनाघराबाहेर घेतलेली उपासना नियमात बसते की नाही, ते मला वरती विचारावं लागेल. आणि आशीर्वादाचंही."

"विचारा," थोरली म्हणाली. "नाही बसली तर पुढच्या रविवारी परत ऐका. आम्ही इथेच असतो."

पलीकडून आवाज आला, "चौथा प्रश्न मी वाचला. बाळाचे डोळे बरे आहेत का?"

"रडतंय. आज सगळेच रडतायत," थोरली म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

मोठ्या पाळकांना एव्हाना आवाज फुटला होता. "कुलूप तोडलंत तुम्ही!"

"नाही तोडलं. बघा, जसंच्या तसं आहे."

त्यांनी पाहिलं. कुलूप खरंच धड होतं, ताडपत्रीवर आडव्या पडलेल्या दाराला लटकलेलं, खाली मिरचीचा ढीग. ते काढायचं तर ढिगावर चढून गुडघे टेकावे लागणार होते.

थोरली बाजूला सरली आणि तिने वाट करून दिली.

"कुलूप तुमचं आहे, काढून घ्या," ती म्हणाली. "दार राहू द्या. वारा अजून पडलेला नाही."